अठरा पोती डीएपी आणि मुंबईचे चार दिवस

वर्धा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या ४७ वर्षांच्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्यांची ७२ वर्षांची आई यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात मुलाकडे राहते. चार एकर कोरडवाहू शेत आईच्याच नावावर आहे आणि आजही ती कापूस वेचायला जाते. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांना एकदा समुद्र पाहायचा होता, ते राहून गेले. “आता आईचे तरी राहू नये” म्हणून या भगिनीने २५,००० रुपये बाजूला काढले, दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांची मुंबई ठरवली आणि पाहायच्या अकरा ठिकाणांची यादीही केली. आई मात्र एवढेच म्हणते, “कायले व एवढा खर्च? तेवढ्यात डीएपीचे अठरा पोते येते. तू जाय, मी घर राखतो.” भावाला वाटते की या वयात मुंबईपेक्षा शेगाव-पंढरपूर करून आणावे, आणि मुंबईलाच जायचे असेल तर सोबतीला त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा न्यावा. आईला रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि गुडघे दुखतात. आईला तयार कसे करावे आणि ती थकणार नाही अशी सहल कशी आखावी, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज म्हणून आणखी एक ओळ लिहिली आहे. फोन ठेवता ठेवता आईने विचारले होते, “आपला कापूस पहिले मुंबईले जाये म्हंत, तो कुठी उतरवत?”

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न तुमच्या आईचा आहे आणि तो तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिला आहे. जिला मुंबईशी काही घेणेदेणे नाही, ती बाई आपला कापूस तिथे कुठे उतरवत असत हे विचारत नाही. तसेच जिने २५,००० रुपयांना डीएपी खताच्या पोत्याच्या १,३५० रुपये दराने भागून अठरा पोती काढली, तिने तुमचा बेत ऐकून सोडूनही दिलेला नाही. तो तिच्या मनात घोळतो आहे. खताच्या पोत्यांत पैसे मोजणे ही तिची आयुष्यभराची रीत आहे, आणि त्या मोजणीलाच आपण नकार समजतो आहोत, असे मला पत्र वाचताना वाटत राहिले. म्हणून “आईला तयार कसे करू” हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू आणि तिचे ‘नको’ नेमके कशाला आहे ते आधी पाहू.

पहिली गोष्ट तुमच्या निवडलेल्या दिवसांची. दिवाळीची सुट्टी ही तुमच्या शाळेची सवड आहे. तुमच्या आईच्या वर्षात मात्र तेच दिवस सर्वांत अडचणीचे असतात. जूनमध्ये लावलेल्या कपाशीची बोंडे दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटू लागतात, शेतात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून पहिली वेचणी सुरू होते, वेचायला बायका मिळत नाहीत, आणि एखादा अवकाळी पाऊस फुटलेला कापूस झाडावरच भिजवून जाईल ही धास्ती प्रत्येक घराला असते. अशा वेळी “मी घर राखतो” असे ती म्हणते, तेव्हा त्या ‘घर’ या शब्दात शेत येते, अंगणातल्या शेळ्या येतात, घरात आणून टाकलेला कापूस येतो आणि सुनेच्या अंगावर पडणारे जास्तीचे कामही येते. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात तुम्हाला कोणी चार दिवस फिरायला चला म्हटले असते, तर तुम्हीही नकोच म्हणाला असता.

दुसरे, तिच्या वयाच्या आणि तिच्यासारख्या कष्टात गेलेल्या बायका मनातली खरी अडचण सहसा बोलून दाखवत नाहीत. पैशांचे कारण सांगायला सोपे असते आणि ते कोणी खोडूनही काढत नाही, म्हणून ते पुढे केले जाते. त्याच्या मागे फार साध्या आणि फार खऱ्या भीती असतात. परक्या गावात लघवीला कुठे जायचे? गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही आणि खुर्चीसारख्या संडासाची सवय नाही, तेव्हा काय करायचे? गर्दीत हात सुटला तर काय होईल? आपल्यामुळे लेकीला प्रत्येक ठिकाणी थांबावे लागले, तर ती वैतागेल का? नवरा गेल्यावर ही हिंडायला निघाली, असे गावात कोणी म्हणेल का? यातला शेवटचा प्रश्न आपल्याला जुना वाटतो, पण गावात राहायचे तिला आहे, तुम्हाला किंवा मला नाही, म्हणून त्याला हसून उडवून लावू नका. भाऊ आणि भावजय यांनी स्वतःच्या तोंडाने “जाय माय, आम्ही पाहून घेतो” असे म्हटले, तर त्या भीतीचा बराच भाग तिथेच गळून पडेल.

आता तुमच्याविषयी एक गोष्ट लिहिते, ती तुम्ही मनाला लावून घेणार नाही अशी आशा आहे. समुद्र पाहायची इच्छा तुमच्या वडिलांची होती. आईने ती कधी बोलून दाखवल्याचे तुमच्या पत्रात कुठे नाही. वडिलांचे राहून गेले ही तुमच्या मनातली सल आहे, आणि ती असणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु त्या सलीचे औषध म्हणून आईला अकरा ठिकाणे फिरवायची ठरवली, तर तुमच्या दुःखाचा भार तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवर पडेल. शिवाय अशा सहलीत “आवडले ना?” हा प्रश्न आपण तासातासाला विचारतो आणि समोरच्या माणसाला तासातासाला हो म्हणावे लागते. वडिलांची ती इच्छा आईला सांगा, तिला ती ठाऊक नसण्याचीही शक्यता आहे. कदाचित त्यांच्यासाठी म्हणून तिलाही समुद्र पाहावासा वाटेल, किंवा वाटणारही नाही. दोन्ही उत्तरांना जागा ठेवून विचारा.

तुमचा भाऊ चुकतो आहे असेही मी म्हणणार नाही. शेगावच्या संस्थानात वृद्धांची सोय नीट पाहिली जाते आणि आईची श्रद्धा असेल, तर तिथे तिला खरोखर बरे वाटेल. मात्र सत्तरी ओलांडली की माणसाला फक्त देवच पाहायचा असतो, हे त्याने गृहीत धरले आहे; आणि आयुष्यात एकदा मुंबई पाहिलीच पाहिजे, हे तुम्ही गृहीत धरले आहे. तुम्हा दोघांच्या म्हणण्यात आईचे म्हणणे अजून आलेलेच नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना तीन दिवस पुण्याला नेले होते. शनिवारवाडा, पर्वतीच्या पायऱ्या, केळकर संग्रहालय, सारसबाग, असे सगळे मी त्यांना दाखवले. ते मुकाट्याने मागून चालत राहिले. शेवटच्या दिवशी दुपारी गाडीला वेळ होता, म्हणून जवळच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आम्ही सहज शिरलो, तर तिथे कांद्याची आवक, हमालांची धावपळ, आडत्यांचे भाव हे सगळे पाहत ते एक तासभर उभे राहिले आणि पाय दुखतात असे एकदाही म्हणाले नाहीत. गावी परतल्यावर पुण्याविषयी त्यांनी लोकांना सांगितले ते एवढेच. आपल्याला काय पाहायला आवडेल, हे मी त्यांना जाण्यापूर्वी एकदाही विचारले नव्हते. ते आता नाहीत, आणि ती चुकलेली गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या आईने तर न विचारता सांगितले आहे. म्हणून तिच्या प्रश्नाचे उत्तर मला जेवढे ठाऊक आहे तेवढे इथे देते, तुम्ही ते तिच्या भाषेत तिला सांगा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला एकदम मोठी मागणी आली. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि गाठी थेट मुंबईला जाऊ लागल्या. पुढे मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी नॅरोगेज गाडी, जिला आपण सगळे ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो, तीही एका ब्रिटिश कंपनीने मुख्यतः कापसासाठीच टाकली होती. तुमच्या आईने ती नक्की पाहिली असेल, कदाचित तिच्यात बसलीही असेल. मुंबईत या गाठी आधी कुलाब्याला उतरत. पुढे तो बाजार शिवडीजवळच्या गोदामांत हलवला गेला, आणि त्या भागातल्या लोकलच्या स्थानकाचे नाव आजही ‘कॉटन ग्रीन’ आहे. आईच्या स्वतःच्या संसाराच्या काळात, १९७२ पासून, एकाधिकार खरेदी योजनेत कापूस सरकारी केंद्रांवर जाऊ लागला, आणि १९८२ च्या संपानंतर मुंबईतल्या बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडत गेल्या. म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या पिढीने गाडीत भरलेला कापूस जिथे उतरला, त्या स्थानकाची पाटी तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. अकरा ठिकाणांच्या तुमच्या यादीत हे ठिकाण नाही. ते घाला आणि त्याच्या बदल्यात निदान सहा काढून टाका.

काढायचे पहिले नाव घारापुरीचे. गेटवेपासून लाँचने सुमारे तासाभराचा प्रवास, हलत्या लाँचमध्ये चढणे-उतरणे, आणि बेटावर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या, हे सगळे दुखऱ्या गुडघ्यांना झेपणारे नाही. डोलीची सोय असते, पण चार माणसांनी आपल्याला उचलून न्यावे हे तुमच्या आईला रुचेल का, हे तुम्हालाच अधिक ठाऊक. फिल्मसिटी आणि जुहूही सोडा, कारण तिथे जाण्यायेण्यातच दिवस संपतो.

दिवस कोणते निवडायचे? माझ्या मते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. तोवर वेचणी बहुतेक आटोपलेली असते, तूर घरात आलेली असते, आपल्याकडचे ऊन अजून तापलेले नसते आणि मुंबईची हवाही त्या दिवसांत सुसह्य असते. तुम्हाला त्यासाठी शुक्रवार-शनिवारची आणि लागली तर गुरुवार-सोमवारची किरकोळ रजा टाकावी लागेल. गुरुवारी संध्याकाळी धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरली, तर शुक्रवारी सकाळी तुम्ही मुंबईत असाल, आणि रविवारी संध्याकाळी त्याच गाडीने निघून सोमवारी सकाळी परत धामणगावला उतराल. समृद्धी महामार्ग आता नागपूरपासून मुंबईजवळच्या भिवंडीपर्यंत पूर्ण झाला आहे आणि कोणीतरी तुम्हाला गाडी करून जाण्याचा सल्ला नक्की देईल. पण एवढे शेकडो किलोमीटर पाय लोंबकळत ठेवून बसण्यापेक्षा रात्री आडवे होता येते आणि शौचालय चार पावलांवर असते, ती रेल्वेच ज्येष्ठांसाठी बरी, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. ज्येष्ठ नागरिकांना पूर्वी मिळणारी तिकीट-सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे भाडे पूर्णच धरा. मात्र खालच्या बर्थचा राखीव कोटा अजून आहे आणि त्याचा नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. तो ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना मिळतो, आणि तिकिटावर अशी एक किंवा दोनच माणसे असतील तरच मिळतो. तुम्ही ४७ वर्षांच्या आणि आई ७२ वर्षांची, म्हणजे तुम्हा दोघींचे एकत्र तिकीट काढले, तर दोघींनाही या कोट्यात अर्ज करता येतो. भाच्याला त्याच तिकिटावर घेतले, तर तुम्ही दोघीही कोट्याबाहेर जाल, म्हणून तो येणारच असेल तर त्याचे तिकीट वेगळे काढा. तो यावा की नाही, हे आईला विचारा. नातवासोबत ती अधिक मोकळी राहत असेल तर जरूर न्या, पण “सोबत पुरुष माणूस हवा” एवढ्याच कारणासाठी पंधरा वर्षांच्या मुलाला नेऊ नका, त्याची जबाबदारी तुमच्यावरच येईल. गावाहून धामणगावपर्यंत एसटीने याल, तर १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट आहे. ज्यांच्या आईवडिलांची ७५ वर्षे पूर्ण झाली आहेत त्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. वयाच्या पुराव्यासाठी मूळ आधार कार्ड सोबत हवे, आणि ते गाडीत व लॉजमध्येही लागतेच.

राहण्याच्या जागेवर पैसे वाचवू नका. पंचवीस हजारांतला मोठा वाटा तिथे गेला तरी चालेल, कारण वृद्ध माणसाची सहल खोलीवरच सावरते किंवा बिघडते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आसपास किंवा फोर्ट भागात खोली घ्या, म्हणजे दुपारी परत येऊन तिला दोन तास झोपता येईल. बुक करण्याआधी फोन करून काही गोष्टी स्पष्ट विचारा. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्यापासूनच सुरू होते की आधी पायऱ्या चढाव्या लागतात, हे विचारायलाच हवे, कारण दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत लिफ्ट अनेकदा काही पायऱ्यांनंतर लागते. संडास खोलीतच आहे का आणि कमोडचा आहे का, गरम पाणी किती वाजता येते, न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे का, हेही विचारा. आणि सगळ्यांत विसरली जाणारी गोष्ट म्हणजे खोली ताब्यात मिळण्याची वेळ. तुमची गाडी सकाळी पोहोचेल आणि बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बारानंतर देतात. रात्रभर प्रवास करून आलेल्या बाईला पाच तास बाकड्यावर बसवले, तर पुढचे तीन दिवस ती थकलेलीच राहते. म्हणून लवकर खोली मिळण्याचे आधी ठरवून घ्या, त्याचे जास्तीचे पैसे द्या, किंवा स्थानकावरच्या रेल्वेच्या विश्रामकक्षाचे आरक्षण करा. कोणी कल्याण-डोंबिवलीच्या नातेवाइकांचे नाव सुचवेल. त्यांना भेटायला एक दिवस जायला हरकत नाही, मुक्कामाला मात्र जाऊ नका.

रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, यापेक्षा जास्त काही ठरवू नका. शुक्रवारी दिवसभर विश्रांती घेऊन संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जा. तो किनारा पश्चिमेकडे आहे, म्हणून सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. गेटवेचे तोंड पूर्वेला बंदराकडे असल्यामुळे तिथे सकाळी जावे. मरीन ड्राइव्हचा रुंद कठडा बसायला सोयीचा आहे. तिथे तिला पाहू द्या आणि मध्ये बोलू नका. पाण्यात पाय बुडवायचे असतील तर शनिवारी संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर जा. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहून ठेवा, कारण ओहोटीला पाणी मागे सरते आणि ओल्या वाळूतून चालत जावे लागते. त्या वाळूत पाय रुततो, तेव्हा तिचा हात धरा.

शनिवारी सकाळी अकराच्या पुढे, गर्दी ओसरल्यावर, हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात बसा. गाडी टर्मिनसवरूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. रे रोड गेले की कॉटन ग्रीन येते. पाटी दिसेल अशा बाजूला तिला खिडकीशी बसवा. वडाळा रोडला उतरून टॅक्सीने परत या, म्हणजे पलीकडच्या फलाटावर जाण्यासाठी पूल पुन्हा चढावा लागणार नाही. हे शनिवारीच करा, कारण रविवारी या मार्गावर दुरुस्तीसाठी अनेकदा मेगाब्लॉक असतो. रविवारी सकाळी लवकर सिद्धिविनायक आणि तिथून टॅक्सीने सागरी सेतूवरून एक फेरी, एवढे पुरे. समुद्राच्या मधोमध बसल्या जागी जाता येते, हे गुडघेदुखीवाल्यांसाठी फारच चांगले आहे. ज्यांच्या घरी बाबासाहेबांवर श्रद्धा आहे, त्यांनी याच सकाळी दादरच्या चैत्यभूमीला जावे. ६ डिसेंबरची गर्दी नसते तेव्हा वृद्धांना तिथे शांतपणे बसता येते.

प्रकृतीविषयी थोडेच लिहिते. निघण्याच्या पंधरा दिवस आधी तिच्या डॉक्टरांना भेटा, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, गोळ्या दुप्पट घ्या आणि त्यातल्या निम्म्या तुमच्या पिशवीत ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि प्रवासात बायका ती गोळी गुपचूप टाळतात किंवा पाणी पिणेच बंद करतात. या दोन्हींवर तुमचे लक्ष हवे. गोळीची वेळ बदलायची का, हे डॉक्टरांनाच विचारा. तुमचा मोबाइल क्रमांक आणि लॉजचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी तिच्या कमरेच्या पिशवीत असू द्या. पायांत नवी चप्पल नको, वापरातली आणि मागून पट्टा असलेली हवी. गाडीत अडचण आली तर १३९ हा रेल्वेचा क्रमांक आहे, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची मदतवाहिनी आहे.

जेवणाची वेळही सांभाळा. ती घरी सातला जेवत असेल, तर तिथेही सातलाच जेवू द्या. पहिल्या रात्रीची शिदोरी तिलाच करू द्या. भाकर, कोरडा झुणका आणि ठेचा तिने बांधून घेतला, म्हणजे प्रवासाचा एक भाग तिच्या हातात राहील. त्याचप्रमाणे पैशांचेही करा. जमीन तिच्या नावावर आहे, तेव्हा पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता तिच्या खात्यात येत असेल. तो तिच्या पिशवीत राहू द्या आणि सुनेसाठी, नातवंडांसाठी काय घ्यायचे ते महात्मा फुले मंडईच्या (क्रॉफर्ड मार्केटच्या) परिसरात तिला स्वतः घासाघीस करून घेऊ द्या. तिच्या वतीने दुकानदाराशी बोलू नका. लेकीच्या पैशाने फिरून आले असे सांगण्यापेक्षा मुंबईहून सगळ्यांना घेऊन आले असे सांगताना गावात तिची मान ताठ राहील.

जाण्यापूर्वी एक तालीम करून पाहा. डिसेंबरात तिला दोन दिवस वर्ध्याला आणा आणि एक दिवस नागपूरला जाऊन या. सीताबर्डीहून मेट्रोत बसवा, महाराजबागेत चार पावले चालू द्या, आणि किती वेळाने ती बसायला जागा शोधते ते न बोलता मनात नोंदवून ठेवा, कारण मुंबईचे वेळापत्रक त्यावरूनच ठरेल. सरकत्या जिन्यावर नऊवारीचा काठ अडकण्याची भीती असते, म्हणून लिफ्टनेच चढा-उतरा.

अशाच प्रश्नाची पत्रे इतरही जिल्ह्यांतून येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूने हैदराबाद जवळ पडते. तिथले सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असते, आणि चारमिनारवर वृद्धांना चढवण्याचा आग्रह धरू नये, खालून पाहिलेला चारमिनारही चांगलाच दिसतो. बुलढाणा-अकोल्याकडून अजिंठ्याला जाणाऱ्यांनी सोमवार आणि वेरूळला जाणाऱ्यांनी मंगळवार टाळावा. आईवडिलांना विसरण्याचा त्रास सुरू झाला असेल, तर अनोळखी शहरातला मुक्काम त्यांना गोंधळात टाकतो. त्यांना ओळखीच्या माणसाच्या घरी न्यावे आणि त्याच दिवशी परत आणावे.

आणि हे सगळे समजून घेतल्यावरही तुमची आई नकोच म्हणाली, तर ते ऐका. तेच चार दिवस तुम्ही माहेरी राहा, तिच्या हातचे खा आणि तिच्यासोबत शेतात जा. त्या पैशांतून अठरा पोती घ्यायची की तिचे गुडघे चांगल्या अस्थितज्ज्ञाला दाखवायचे, हे तिच्याशी बसून ठरवा.

मला मात्र वाटते की ती नको म्हणणार नाही, फक्त हे फोनवर विचारू नका. फोन बहुधा भावाचा असतो आणि चार माणसे ऐकत असतात. भाऊबीजेला तुम्ही जाल तेव्हा वेचणी सुरू असेल. सकाळी तिच्यासोबत शेतात जा, तिच्या शेजारची पात धरा, आणि ओटीत थोडा कापूस जमला की तिच्याच प्रश्नापासून सुरुवात करून आपला कापूस कुठे उतरवत असत ते तिला सांगा. ती काय म्हणते ते ऐका, लगेच तारीख काढू नका. तिचा होकार दिसला, तर त्याच संध्याकाळी भावाला आणि भावजयीला शेजारी बसवून फेब्रुवारीतल्या त्या चार दिवसांत शेळ्या कोण पाहणार ते ठरवून घ्या. आरक्षण उघडायला डिसेंबर उजाडेल, तोवर तुमच्या हाताशी पुरेसा वेळ आहे.